जीपगाडीच्या मागील ब्रेकचे शू कसे बदलावे

शेतीच्या अवजारांची निगा राखण्याविषयी शेतकरी बंधूंस बहुधा सांगावे लागत नाही. फाळ केव्हा शेवटून घ्यावा, पाभरीचे फण केव्हा बदलावे, पंपाचे तेल केव्हा पाहावे, हे ज्याचे त्यास अनुभवाने कळते. परंतु ज्या वाहनातून आपण खत, बियाणे, दूध आणि घरची माणसे नेतो, त्याच्या ब्रेककडे मात्र तो अगदी लागेनासा होईपर्यंत कोणी पाहत नाही. फाळ झिजला तर नांगरट उथळ होते, ती पुन्हा करता येते. ब्रेक झिजला तर जे होते ते पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात जुन्या जीपगाडीच्या मागील चाकांतील ब्रेकचे शू कसे तपासावे व कसे बदलावे, हे आम्ही क्रमवार सांगणार आहोत.

ह्या विषयाची निकड वेळापूरसारख्या गावी विशेष आहे. माळशिरस तालुक्यातील हे गाव आळंदी-पंढरपूर पालखीमार्गावर वसलेले असून अकलूजकडून सांगोल्याकडे जाणारी वाटही येथूनच जाते. हंगामात उसाच्या गाड्यांची रीघ असते, आणि आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथे पडतो. गावाजवळच्या उतारावरून वारकरी धावा करीत खाली येतात, तो देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे. दिंड्यांबरोबर सामान वाहणारी शेकडो वाहने असतात व त्यांत जुन्या जीपगाड्याही असतात. गर्दीत मंद चालणाऱ्या गाडीचा ब्रेक वारंवार दाबावा लागतो. तो ऐन वेळी ढिला पडला, तर पुढे माणसांखेरीज दुसरे काहीही नसते. दि. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी पंढरपुराहून आळंदीकडे निघालेल्या संत नामदेव महाराजांच्या दिंडीत, दिवे घाटात, माती उकरणारे एक यंत्र शिरले आणि नामदेव महाराजांच्या वंशजांसह दोन वारकऱ्यांचा अंत झाला. यंत्राचा ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळच्या वृत्तांतून सांगण्यात आले. असे प्रसंग दैवावर ढकलून चालत नाही.

दुसरे असे की, रस्ते बदलले, गाड्या मात्र त्याच राहिल्या. इ. स. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घडणीची गाडी पुढे कित्येक वर्षे खेड्यापाड्यांतून फिरत राहिली. तिचा मूळ ब्रेक कच्च्या वाटेवरील मंद चालीसाठी पुरेसा होता. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. अशा रुंद रस्त्यावर तीच गाडी सहज दुप्पट वेगाने धावते. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट होते, हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. चांगल्या ब्रेकची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगात असता ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरांत थांबत असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगात तिला सुमारे ४९ मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ती आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते. भारासह १५०० किलो वजनाची जीप ८० च्या वेगातून थांबविताना जी उष्णता उत्पन्न होते, तिने सुमारे सव्वा लिटर साधे पाणी उकळीस येईल. ही सर्व उष्णता चार ड्रमांनी व आठ शूंनी सोसावयाची असते.

ब्रेकची रचना

चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ ड्रम, त्याच्या आत न फिरणाऱ्या पत्र्यावर बसविलेले अर्धगोल असे दोन शू, शूंच्या पाठीवर रिव्हेटांनी किंवा चिकट द्रव्याने बसविलेले लायनर, वरच्या बाजूस शूंना दोहोंकडे रेटणारा व्हील सिलिंडर, खालच्या बाजूस शू ज्यांवर टेकतात त्या अँकर पिना, आणि पाय काढल्यावर शू मागे ओढणारी स्प्रिंग, एवढाच हा संसार आहे. पेडल दाबले असता मास्टर सिलिंडरातील ब्रेक ऑईल नळीवाटे व्हील सिलिंडरात दाब पोहोचविते, त्यातील दोन दट्टे बाहेर सरकतात व शू ड्रमला आतून घट्ट टेकतात.

ह्या रचनेत एक खुबी आहे. गाडी पुढे जात असता ड्रम आपल्या फिरण्याच्या ओढीने पुढचा शू स्वतःबरोबर ओढू पाहतो, आणि लाकडाच्या फटीत पाचर बसावी तसा तो अधिकच घट्ट बसतो. म्हणून ड्रम ब्रेकला पायाचा जोर कमी लागतो. पण ह्याच कारणाने लहानसा फरकही मोठा होऊन दिसतो. एका चाकाच्या लायनरला तेलाचा बोट लागला, किंवा एकीकडे नवे व दुसरीकडे जुने शू राहिले, तर दोन चाकांची ओढ सारखी राहत नाही. एक बैल जोमदार व दुसरा मरतुकडा अशी जोडी जुंपली म्हणजे गाडी वाटेवर राहत नाही, तसाच हा प्रकार होय. तेव्हा ह्या कामाचा पहिला नियम असा की, शू नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे, एकाच जातीचे व एकाच वेळी बदलावेत. एकाच चाकाचे बदलून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे.

शू बदलण्याची वेळ कशी ओळखावी

पेडल पूर्वीपेक्षा खोल जाणे, ब्रेक लावताना घासल्याचा किंवा धातूचा आवाज येणे, गाडी एका अंगास ओढणे, आणि चाकाच्या आतील बाजूस ओलसर डाग दिसणे, ही चार लक्षणे होत. लायनर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजण्याच्या आधीच बदलावे. रिव्हेट एकदा ड्रमला लागले की ड्रमवर चरे पडतात व खर्च दुप्पट होतो. चिखलातून, ओढ्यातून व कॅनॉलच्या वाटेने जाणाऱ्या गाडीच्या ड्रमात रेती साठते, म्हणून पावसाळा संपताच ड्रम एकदा उघडून पाहणे श्रेयस्कर.

पूर्वतयारी

नवे शू आणताना गाडीचा नमुना, ड्रमचा व्यास व लायनरची रुंदी सांगावी. शक्य तर जुना शू दुकानी नेऊन ताडून पाहावा. जीपच्या ड्रमांचे ९ इंची व ११ इंची असे निरनिराळे प्रकार असल्याने अंदाजाने माल घेऊ नये. जॅक, दोन मजबूत लोखंडी स्टँड, चाकांस लावण्यास लाकडी ठोकळे, पाने, पक्कड, लाकडी हातोडा, पॉलिश पेपर, स्वच्छ फडकी, नाकातोंडावर घट्ट बसणारा धूळरोधक मास्क व चष्मा एवढे साहित्य जवळ असावे.

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. येथे जुन्या जीपसंबंधी एक गोष्ट अवश्य समजून घ्यावी. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक मागील चाकांवर नसून गिअरच्या पेटीमागे, मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. त्यामुळे एक मागील चाक उचलले की डिफरन्शियलच्या योगाने ते चाक मोकळे फिरू शकते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून हँडब्रेकवर विसंबू नये. पुढच्या दोन्ही चाकांस पुढून व मागून ठोकळे घट्ट लावावेत. चाकांचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. विलीज घडणीच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. तेथे नेहमीप्रमाणे जोर केल्यास नट सुटण्याऐवजी अधिक आवळतो व खिळा तुटतो. नटावर किंवा खिळ्याच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर कोरलेले आहे काय, हे आधी पाहावे.

नंतर आसाखाली जॅक लावून गाडी उचलावी व दोन्ही बाजूंस स्टँड देऊन त्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर, किंवा विटा रचून उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. वीट भार सोसता सोसता एकाएकी फुटते.

कृती

१. चाक काढावे. पत्र्याच्या मागील बाजूस शू जवळ-दूर करणारे बोल्ट असतात, ते फिरवून शू मागे घ्यावेत, म्हणजे झिजेमुळे पडलेल्या काठात ड्रम अडकत नाही. काही गाड्यांत ड्रम लहान स्क्रूंनी धरलेला असतो. ते काढून लाकडी हातोड्याने सभोवार हलके ठोकले की तो सुटतो. काहींत हब व ड्रम मिळून निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेले असतात; तेथे योग्य पुलरच पाहिजे. शाफ्टच्या तोंडावर घण मारणे किंवा पहारीने उचकटणे म्हणजे बेअरिंग बिघडविणे होय. पुलर नसेल तर एवढे काम फिटरकडून करून घ्यावे.

२. ड्रम निघाल्यावर आतील धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये, कोरड्या ब्रशाने झाडूही नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनंतर असाध्य रोग उत्पन्न करते. मास्क बांधून ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्यावी, फडकी पिशवीत बांधून टाकावीत, आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये.

३. दोन्ही बाजूंचे ड्रम काढले तरी शू एका वेळी एकाच बाजूचे सोडावेत. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, कोणता शू पुढे व कोणता मागे, हा नमुना दुसऱ्या बाजूस शाबूत राहतो. दोन्ही शूंवरील लायनर नेहमी सारख्या लांबीचे नसतात. ज्या ब्रेकमध्ये एक शू दुसऱ्यास रेटतो अशा सर्व्हो जातीत आखूड लायनरचा शू पुढे व लांब लायनरचा मागे असतो. अन्य जातींत हा क्रम निराळा असू शकतो. म्हणून सोडण्यापूर्वी खडूने खूण करावी किंवा छायाचित्र घेऊन ठेवावे.

४. चष्मा लावून पक्कडीने स्प्रिंग सोडवावी. ती सुटून डोळ्यास लागण्याचा धोका असतो. शू काढताच व्हील सिलिंडराचे दट्टे सुतळीने बांधून ठेवावेत. ह्या वेळी कोणीही पेडलला पाय लावू नये, नाही तर दट्टे बाहेर पडून ऑईल सांडते व नळीत हवा शिरते.

५. आता खरी तपासणी. सिलिंडराच्या टोकावरील रबरी टोपण किंचित उचलून पाहावे. आत ओल दिसली तर रबरी वाट्या गेल्या असे समजावे. सिलिंडर आतून गंजला असेल तर तो संबंध बदलणेच बरे. ओल जर दाट व उग्र वासाच्या तेलाची असेल आणि ती शाफ्टच्या बाजूने येत असेल, तर ते डिफरन्शियलचे तेल होय व आसाचे सील खराब झाले आहे. गळती न थांबविता नवे शू घालणे म्हणजे फुटक्या मोटेने पाणी काढणे. तेल प्यालेले लायनर धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची चाल काही ठिकाणी आहे; ती सर्वथा टाकावी. वरून कोरडे दिसले तरी उष्णतेने तेल पुन्हा वर येते.

६. ड्रम आतून हाताने चाचपावा. खोल चरे, काठ किंवा उष्णतेने पडलेल्या भेगा आहेत काय, ते पाहावे. भेग असेल तर ड्रम टाकून द्यावा. चरे असतील तर लेथवर तासून घेता येतो, परंतु त्यास मर्यादा आहे. ड्रमवर कमाल माप कोरलेले असल्यास त्यापुढे जाऊ नये. कोरलेले नसल्यास मूळ व्यासापेक्षा साधारणतः दीड मिलिमीटरहून अधिक वाढू देऊ नये, असा कारखान्यांतील दंडक आहे. दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच मापास तासावेत.

७. नवा शू ड्रमच्या आत धरून पाहावा. लायनरवर खडू फासून तो ड्रममध्ये घासला असता खडू जेथे पुसला जाईल, तेथेच तो टेकतो. दोन्ही टोकेच टेकत असतील किंवा केवळ मध्यच टेकत असेल, तर लायनर ड्रमच्या गोलाईस घासून घ्यावे. हे काम लायनरच्या कारखान्यात उत्तम होते.

८. शू ज्या ठिकाणी पत्र्यावर व पिनांवर सरकतो, तेथे उष्णता सोसणारे ग्रीस नखाएवढेच लावावे. अधिक लावल्यास ते वितळून लायनरवर येते. नंतर हात साबणाने धुऊन शू बसवावेत, स्प्रिंग मूळ भोकांत घालाव्यात, सुतळी सोडावी, आणि ड्रमची आतील बाजू स्वच्छ पुसून तो बसवावा. निमुळत्या शाफ्टची चावी नीट बसवून नट पूर्ण आवळावा व स्प्लिट पिन नवीनच घालावी. मग दुसऱ्या बाजूसही हीच कृती करावी.

जुळवणी व हवा काढणे

पेडल दोन-तीन वेळा दाबून शू जागी बसू द्यावेत. नंतर चाक हाताने फिरवीत मागचा बोल्ट, शू ड्रमला अडेपर्यंत फिरवावा, आणि चाक मोकळे होईल इतकाच हळूच मागे घ्यावा. प्रत्येक शूची जुळवणी वेगळी करावी. दोन्ही चाके हाताने फिरविली असता सारखीच मोकळी वाटली पाहिजेत.

सिलिंडर किंवा नळी उघडली असेल, अथवा पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर हवा काढणे भाग आहे. मास्टर सिलिंडरापासून सर्वांत लांबच्या चाकाकडून आरंभ करावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून ऑईल बाटलीत सोडावे, निपल आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. बुडबुडे येणे थांबेपर्यंत असे करावे, व मधूनमधून मास्टर सिलिंडरात ऑईल घालीत जावे. कंपनीने सांगितलेल्या जातीचेच, बंद डब्यातील ब्रेक ऑईल वापरावे. हे ऑईल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा असा नियम आहे. पाणी शोषलेल्यासाठी ती मर्यादा १४० अंशच आहे. म्हणून वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नये. इंजिनचे तेल, डिझेल किंवा रॉकेल चुकूनही घालू नये. त्याने रबरी वाट्या फुगून निकामी होतात.

येथे हेही सांगितले पाहिजे की जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एक व ऑईलचा मार्गही एकच असतो. एका चाकाशी मोठी गळती झाली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. तेव्हा मागील चाकातील लहानशी ओल ही केवळ त्या चाकाची बाब नव्हे.

परीक्षा

काम संपल्यावर गाडी जमिनीवर आणण्यापूर्वी पेडल जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते खाली खाली जाऊ लागले तर कोठेतरी गळती आहे. गाडी हलवू नये. ते स्थिर राहिले तर चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून गाडी खाली घ्यावी. प्रथम मोकळ्या मैदानावर ताशी १० किलोमीटर वेगाने, मग ३० ने, ब्रेक लावून पाहावा. सुकाणू सैल धरले असता गाडी सरळ थांबली पाहिजे. काही वेळ चालवून दोन्ही ड्रमांजवळ तळहात नेऊन पाहावा. ड्रमला स्पर्श करू नये. एक फार तापला व दुसरा थंड राहिला, तर जुळवणी असमान आहे.

नवे लायनर पहिले काही दिवस ड्रमशी पूर्ण बसलेले नसते. म्हणून पहिल्या १०० किलोमीटरांत गाडी मंद चालवावी, जड भार घालू नये, आणि नंतर नट व जुळवणी पुन्हा पाहावी. शू आज बदलले आणि उद्या दिंडीचे सामान भरून निघालो, असे करू नये. पालखी येण्याच्या निदान पंधरा दिवस अगोदर हे काम उरकावे. उतारावर खालचा गिअर घालून इंजिनाच्या ओढीने गाडी आवरावी. ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ड्रम तापून फुगतो, शू त्यास पुरे पोहोचत नाहीत आणि पेडल खोल जाते. पाण्यातून गाडी नेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके लावीत जावे, म्हणजे लायनर कोरडे होते.

नळी गंजली असेल, मास्टर सिलिंडर गळत असेल, किंवा वरील परीक्षेत गाडी एकदाही वाकडी थांबली, तर घरचे प्रयोग थांबवून जाणत्या फिटरकडे जावे. घरी काम करण्याचा हेतू पैसा वाचविणे एवढाच नाही. आपल्या गाडीच्या पोटात काय आहे हे धन्याने स्वतः पाहिलेले असावे, हा मुख्य हेतू आहे. ज्याने एकदा ड्रम उघडून झिजलेला शू हातात घेतला, तो पुढे पेडल बोटभर खोल गेले तरी दुर्लक्ष करीत नाही. प्रत्येक गावी ज्या दोन-चार घरी अशा गाड्या आहेत, त्यांनी एकत्र येऊन एक पुलर व दोन चांगले स्टँड सामाईक घ्यावेत, आणि पावसाळ्यानंतर व आषाढीपूर्वी असे वर्षातून दोनदा परस्परांच्या गाड्यांचे ड्रम उघडून पाहावेत, एवढी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.